मदत हवी आहे: नागिणीनंतरचं दुखणं अन् टेन्स मशीन, मायला कसं समजावू?

राम राम मंडळी, यवतमाळ जिल्ह्यातल्या खेड्यातून लिहितो आहे. मायला बरगडीवर नागीण झाली होती, फोड कधीचेच वाळले पण आग काही जात नाही, लुगड्याचा पदर लागला तरी कळवळते, रात्र बसून काढते. गॅबापेंटिनच्या गोळीनं गुंगी येते म्हणून तालुक्याच्या फिजिओथेरपीवाल्या ताईंनी टेन्स मशीन, म्हणजे चामडीवर पॅड लावून हलका करंट देऊन दुखणं कमी करणारं यंत्र, सुचवलं. पण करंट म्हटलं की माय ऐकूनच घेत नाही, काहून की वावराच्या धुऱ्यावर रोही-डुकरासाठी झटका मशीन लावली आहे अन् त्या तारेचा फटका तिनं खाल्लेला आहे.

तिचं भेव मला खोटं वाटत नाही. वाचलं तर दोन्हीकडचा झटका क्षणिकच, कुंपणाचा सेकंदाच्या हजाराव्या भागातच संपतो पण हजारो व्होल्टचा, अन् टेन्सचा साधारण 50 ते 250 मायक्रोसेकंदाचा, फक्त करंट काही मिलिअँपिअर अन् सेकंदाला 80-100 वेळा. एवढ्या छोट्या झटक्यानं करंट कमी असला तर आधी स्पर्शाच्या जाड नसा जाग्या होतात, दुखणं नेणाऱ्या बारीक नसांना जास्त जोर लागतो, म्हणून मुंग्या येतात पण दुखत नाही. अन् जाड नसांचा निरोप पाठीच्या कण्यात दुखण्याच्या निरोपाला अडवतो, मेलझॅक अन् वॉल यांनी 1965 मध्ये मांडलेली गेटची थिअरी ती हीच. करंट वाढवत नेला की मग बारीक नसाही पेटतात, कुंपणावर तेच होते.

माझं अडलं ते इथं. मायला तर नुसता स्पर्शच दुखतो, मग स्पर्शाच्याच नसा चाळवल्या तर आग वाढणार नाही का? ताई म्हणतात की पॅड दुखऱ्या चामडीवर नाही, त्याच पट्ट्यातल्या बाजूच्या चांगल्या चामडीवर लावू. हे पटते, पण मायला शुगर आहे, पायाला बधिरपणा आहे, बरगडीजवळ चामडीला नीट समजते का हे आधी कसं तपासायचं? पेसमेकर वगैरे नाही.

कोणी फिजिओ किंवा डॉक्टर असाल तर सांगा राजेहो. अन् ज्यांच्या घरच्या म्हाताऱ्या माणसानं नागिणीनंतर टेन्स लावलं त्यांनी हेही सांगा की पहिल्यांदा तयार कसं केलं, आधी स्वतःच्या हाताला लावून दाखवलं तर चालेल का?