मदत हवी आहे: भर पावसाळ्यात सातेरी माश्यांसाठी कोणती फुलझाडं लावू?

नमस्कार मंडळी,

भोर तालुक्याच्या पश्चिमेला, नीरा देवघर धरणाच्या बाजूला आमची पंधरा गुंठे जागा आहे. तिथे सातेरीच्या, म्हणजे पेटीत पाळता येणाऱ्या इथल्या देशी मधमाश्यांच्या, दोन पेट्या होत्या. गेल्या श्रावणात त्यातली एक रिकामी झाली. आठ दिवस लागून राहिलेल्या पावसाने उघडीप दिली म्हणून झाकण काढलं, तर आत एकही माशी नाही. पोळ्यांत ना मध, ना पराग. खालच्या कोपऱ्यात मेणअळीची जाळी. मेलेल्या माश्याही नव्हत्या, म्हणजे खायला काही उरलं नाही तेव्हा सगळी वसाहत उठून गेली. फार जिवाला लागलं. दुसऱ्या पेटीचं तसं होऊ द्यायचं नाही.

फाल्गुन ते वैशाख आमच्याकडे फुलोऱ्याला तोटा नाही. जांभूळ, करंज, हिरडा, गेळा असं एकामागून एक चालू असतं. जांभूळ फुलतं तेव्हा तर झाड दुरूनच घुमताना ऐकू येतं. दसऱ्याच्या सुमारास कारळा आणि सोनकी असते. कारवी आठ वर्षांनी एकदा, तिच्यावर वर्षाचा हिशेब मांडता येत नाही.

अडचण आषाढ ते भाद्रपदाची. फुलं थोडी, त्यातला मकरंद पावसाने धुऊन जातो, आणि माश्यांना बाहेर पडायला दिवसाकाठी तास-दोन तास मिळतात. साखर आणि पाणी समसमान घेऊन पाक देते, पण पाकावर नुसता जीव तगतो. पिल्लं वाढवायची तर परागच हवा.

मागच्या पावसाळ्यात पाहिलेलं सांगते. परड्यात मक्याला तुरा आला होता. सकाळी सातला पाऊस थांबला आणि पाच-सात मिनिटांत तुऱ्यांवर माश्या लोंबू लागल्या. मागच्या पायांवर फिकट पिवळे गोळे बांधून सरळ पेटीकडे. घोसाळ्याच्या फुलांवरही सकाळी येतात. शेजारीच दोडका होता, पण तो उमलतो संध्याकाळी, तोवर माश्या परतलेल्या. ओढ्याकाठच्या तेरड्यावर थोड्या दिसल्या.

एका रोपवाटिकेतून मधमाश्यांसाठी खास म्हणून झेंडूची चाळीस रोपं आणली होती. गोंडे मोठे, गच्च. महिनाभर लक्ष ठेवलं, माशी फिरकली नाही. शेवटी एक गोंडा उसवून पाहिला तर आतपर्यंत पाकळ्याच, मधली परागाची चकती जवळजवळ नाहीच. त्यामुळे आता एकेरी पाकळ्यांची फुलंच घ्यायची ठरवलंय.

तर जाणकारांनी कृपया सांगा. मका पंधरा-पंधरा दिवसांच्या अंतराने तीन टप्प्यांत लावला तर तुरा श्रावणभर पुरेल का? कारळा लवकर पेरून श्रावणात फुलवता येतो का, की तो त्याच्या वेळेलाच फुलतो? गुलाबी अँटिगोनॉनच्या वेलावर पुण्यात भर पावसाळ्यातही माश्या पाहिल्यात, तो आमच्या धो धो पावसात आणि मुरमाड जमिनीत टिकेल का? छाट लावावी की बी? आणि पावसाळ्यात फुलणारं एखादं इथलंच झाड किंवा झुडूप माहीत असेल तर ते आधी सांगा, मला तेच जास्त आवडेल.

उत्तर देताना तुमच्याकडे पाऊस किती पडतो तेवढं लिहा, कारण सासवडकडे जगलेलं रोप आमच्याकडे कुजतं. मृगाच्या आधी खड्डे घेऊन ठेवायचे आहेत, म्हणून जरा घाई आहे.