फायब्रोस्कॅनचा आकडा वाचताना
फायब्रोस्कॅनमध्ये (यकृताचा ताठरपणा मोजणारी तपासणी) वडिलांचा आकडा १४ किलोपास्कल (ताठरपणाचं एकक) आला म्हणजे सिरॉसिस (यकृतात खूप व्रण होऊन ते कडक होणं) झालाच का, असं एकाने विचारलंय. एवढ्यावरून तसं ठरवू नका. यंत्र बरगड्यांमधून हलका धक्का देतं आणि ती लहर यकृतातून किती वेगाने जाते ते मोजतं. यकृत जितकं ताठर, तितकी लहर वेगवान. पण ताठरपणा फक्त फायब्रोसिसमुळेच (यकृतात व्रणाचे तंतू साठल्यामुळेच) येतो असं नाही. हिपॅटायटिस (यकृताची सूज) भडकून एएलटी (यकृताच्या पेशी दुखावल्या की रक्तात वाढणारं एन्झाइम) खूप वाढलं असेल, पित्त अडलं असेल, हृदय कमजोर पडून यकृतात रक्त साचलं असेल, इतकंच काय, नुकतंच जेवण झालं असेल तरी आकडा फुगतो! म्हणून किमान ३ तास उपाशीपोटीच तपासणी करा. रिपोर्टमध्ये १० वैध मोजमापं आहेत का आणि आयक्यूआर (मोजमापं किती विखुरलीत ते सांगणारा आकडा) मध्यकाच्या (मोजमापांमधल्या मधल्या आकड्याच्या) ३० टक्क्यांच्या आत आहे का, हे जरूर बघा. रक्ततपासणीतले एएलटी, बिलिरुबिन, प्लेटलेटचे आकडेही इथे टाका.