शब्दचर्चा : वाहनांच्या धुरातून येते ते ‘नायट्रोजन’ की ‘नत्र’?

विचारणा :

रस्त्यावरील वाहतुकीमुळे निसर्गावर होणाऱ्या परिणामांविषयीचा एक लेख मी मराठीत लिहीत असून त्यातील मुख्य उदाहरण नेदरलँड्सचे आहे. ‘नायट्रोजन प्रदूषण’ असे लिहिले, तेव्हा संपादकांनी विचारले की, हवेत मुळातच 78 टक्के नायट्रोजन असताना त्याचे प्रदूषण ते कसले? ‘नत्रप्रदूषण’ लिहिले तर वाचकाच्या डोळ्यांपुढे थेट खताची गोणी येते. हवेतून नत्र जमिनीवर येऊन साठते, त्या क्रियेलाही नेमका शब्द हवा आहे. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद :

संपादकांची हरकत रास्त आहे. हवेतील नायट्रोजनच्या रेणूत दोन अणू एकमेकांना इतके घट्ट धरून असतात की, तो सहसा कशाशीही संयोग पावत नाही. इंजिनाच्या सिलिंडरमध्ये ज्वलनाच्या वेळी तापमान दोन हजार अंशांच्या आसपास जाते, तेव्हा मात्र ही पकड सुटते आणि ऑक्सिजनशी संयोग होऊन नायट्रिक ऑक्साइड तयार होते. यातला नायट्रोजन मुख्यतः हवेतून येतो, इंधनातून नव्हे. म्हणून गाडी डिझेलची असो, पेट्रोलची असो वा सीएनजीची, हे वायू निर्माण होतातच. बाहेर पडल्यावर ओझोनशी संयोग होऊन त्याचे तपकिरी नायट्रोजन डायऑक्साइड होते आणि पुढे त्यातूनच नायट्रिक आम्ल व नायट्रेटे तयार होतात. तेव्हा धुराविषयी लिहिताना ‘नायट्रोजनची ऑक्साइडे’ असेच लिहावे. ते थोडे लांबते, पण चुकत नाही.

‘नत्र’ हा शब्द मात्र टाकू नये, असे मी आग्रहाने सांगेन. गोणी डोळ्यांपुढे येते हा त्या शब्दाचा दोष नसून तोच त्याचा उपयोग आहे, कारण हवेतून उतरलेली नायट्रेटे आणि अमोनियम वनस्पतींना खतासारखीच लागू पडतात. शेतात खत आपण मोजून, गरज पाहून घालतो. येथे ते न मागता, वर्षानुवर्षे, अशा जमिनीवर पडते जिथली जीवसृष्टी नत्राच्या तुटवड्यातच घडलेली आहे. नेदरलँड्समधील हेदरची माळराने याच प्रकारची आहेत. तेथे नत्र वाढले की गवत जोमाने माजते आणि जांभळ्या फुलांची ती बुटकी झुडपे मागे हटतात. तेथील वालुकामय मातीच्या जंगलांत याहून दूरवरचा परिणाम दिसला. आम्लवर्षावामुळे, ज्यात नत्राचा वाटा मोठा होता, मातीतले कॅल्शियम धुपून गेले, गोगलगायी घटल्या आणि त्या खाऊन कॅल्शियम मिळवणाऱ्या ग्रेट टिट या चिमुकल्या पक्ष्याच्या अंड्यांची कवचे पातळ झाली. धुराच्या नळकांड्यापासून घरट्यातल्या अंड्यापर्यंतची ही साखळी ‘वायुप्रदूषण’ या एका शब्दात मावत नाही.

29 मे 2019 रोजी त्या देशाच्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने नत्र वाढवणाऱ्या प्रकल्पांना परवाने देण्याची तत्कालीन पद्धत अवैध ठरवली आणि बांधकामांपासून रस्त्यांपर्यंतची असंख्य कामे अडली. नत्र कमी करण्यासाठी मार्च 2020 पासून महामार्गांवर दिवसाची वेगमर्यादा ताशी 100 किलोमीटर करण्यात आली. तेथील नत्राचा सर्वांत मोठा देशांतर्गत स्रोत पशुपालनातील अमोनिया आहे, वाहतूक नव्हे, हे लेखात अवश्य नमूद करावे. अन्यथा चित्र एकांगी होईल.

हवेतून नत्र उतरून साठण्याच्या क्रियेसाठी, म्हणजे ‘डिपॉझिशन’साठी, ‘नत्रसंचयन’ सुचवतो. नदीच्या कार्यातील खनन, वहन आणि संचयन हे शब्द शालेय भूगोलामुळे सर्वांच्या परिचयाचे आहेत.

प्रतिसाद :

मी कृषी क्षेत्रात काम करतो. ‘नत्र, स्फुरद, पालाश’ हे आमचे रोजचे शब्द असल्यामुळे नुसते ‘नत्रप्रदूषण’ लिहिले तर दोष शेतकऱ्याच्या माथी जातो, अशी माझी रास्त भीती आहे. स्रोत सांगणारे विशेषण जोडून ‘वाहनजन्य नत्र’ असे लिहावे. यात अमोनियाही धरावा, कारण पेट्रोल गाड्यांतील उत्प्रेरक ऑक्साइडे कमी करताना थोडा अमोनिया तयार करतो आणि तो रस्त्यालगतच्या पट्ट्यात सर्वाधिक उतरतो. नव्या डिझेल ट्रकांत निळ्या झाकणाच्या टाकीत जे डीईएफ ओततात, ते म्हणजे 32.5 टक्के युरियाचे द्रावण. त्यापासून बनलेला अमोनिया ऑक्साइडांचे पुन्हा निरुपद्रवी नायट्रोजनमध्ये रूपांतर करतो. युरिया हा शब्द खतात आणि ट्रकाच्या टाकीत, दोन्हीकडे येत असल्याने लेखात हा फरक स्पष्ट करावा.

प्रतिसाद :

‘वाहनजन्य नत्र’ मलाही पटते. मराठी वाचकासाठी कासच्या सड्याचा उल्लेख करता येईल. त्या उथळ, निकस मातीत नत्र अपुरे असते, म्हणूनच तेथे दवबिंदू आणि सीतेची आसवं या वनस्पती कीटक पकडून आपली गरज भागवतात. उत्तर युरोपातील दलदलींत अशा कीटकभक्षी वनस्पतींना मुळांवाटे जास्त नत्र मिळू लागले, तेव्हा त्यांचे कीटकांवरील अवलंबन कमी झाल्याचे आढळले आहे. फुलांच्या हंगामात सड्याजवळ उभ्या राहणाऱ्या गाड्यांच्या रांगांकडे या दृष्टीनेही पाहायला हवे. तसेच भारतात नायट्रोजन डायऑक्साइडची वार्षिक मर्यादा घनमीटरला 40 मायक्रोग्रॅम असली, तरी पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्रांसाठी ती 30 आहे, हेही लेखात द्यावे. ‘संचयन’ मात्र मला जड वाटते. ‘हवेतून उतरणारे नत्र’ असे सरळ लिहिले तर पावसातून येणारे आणि कोरडेच पानांवर बसणारे, दोन्ही त्यात येते.