मराठी बागकामाचा ब्लॉग: कीवर्ड टूलमध्ये नुसती रेघ दिसते, मग विषय ठरवायचे कसे?

गच्चीवरची_माती

कुंडीतल्या बागेवर मराठीत लिहिते, त्यासाठी गूगलचं ब्लॉगर वापरते. पुढच्या चार महिन्यांचे विषय कीवर्ड, म्हणजे लोक शोधताना लिहितात ते शब्द, पाहून ठरवायचे आहेत. अडचण अशी की गूगल कीवर्ड प्लॅनरमध्ये 'मोगऱ्याची छाटणी', 'पिठ्या ढेकूण उपाय', 'कुंडीसाठी माती मिश्रण' असं काहीही टाकलं की सरासरी मासिक शोधांच्या रकान्यात रेघ येते. नुसतं 'मोगरा' टाकलं तर आकडा येतो, पण तोही दहापटीचा पल्ला. फुकट मिळणाऱ्या इतर टूलमध्ये मराठी शब्दांना बहुतेक वेळा काहीच मिळत नाही.

रेघ म्हणजे हे कुणी शोधतच नाही असं समजायचं का? पैसे भरून एखादं टूल घेतलं तर फरक पडेल का? आणि कामाचा क्रम कसा असावा?

शोधपाटी

रेघ म्हणजे शून्य नव्हे. प्लॅनर जाहिरातदारांसाठी आहे, आणि दाखवण्याइतका डेटा हाताशी नसला की तो रेघ देतो. तीन-चार शब्दांच्या मराठी शोधांचं हे कायम होणार. शिवाय ज्या खात्यातून जाहिरातीवर खर्च होत नाही त्याला १०० ते १ हजार, १ हजार ते १० हजार असे पल्लेच दिसतात. महिन्याला १२० वेळा शोधला जाणारा शब्द आणि ९०० वेळा शोधला जाणारा शब्द तिथे एकाच पंगतीत बसतात. म्हणून प्लॅनरकडे आकडे मागू नका, शब्द मागा. त्या कामाला तो चांगला आहे.

'नवीन कीवर्ड शोधा' मध्ये एका वेळी १० शब्द टाकता येतात. तिथे पूर्ण वाक्य न टाकता झाडाचं नाव आणि त्याची रूपं टाका: मोगरा, मोगऱ्याला, मोगऱ्याची, मोगरा झाड, मोगरा फुले. मराठीत विभक्ती लागली की शब्दाचं रूप बदलतं, आणि टूल ही सगळी रूपं एकत्र मोजेल यावर विसंबू नये. मग हीच यादी रोमन लिपीत टाकून दुसरी फेरी करा. फोनवर मराठी शोधणारे पुष्कळ लोक इंग्रजी कीबोर्डच वापरतात, त्यामुळे ही फेरी गाळू नका. ठिकाण आधी महाराष्ट्र आणि गोवा ठेवा, नंतर पूर्ण भारत; इंदूर, बडोदा, बेळगावचे वाचक दुसऱ्या फेरीत येतात. भाषा एकदा 'मराठी' आणि एकदा 'सर्व भाषा' ठेवून दोन्ही याद्या उतरवून घ्या.

त्याच पानावर शब्दांऐवजी संकेतस्थळाचा पत्ता देण्याची सोय आहे. या विषयावर चांगलं चालणाऱ्या एखाद्या मराठी लेखाचा पत्ता टाका आणि 'फक्त हे पान' निवडा. त्या पानाशी गूगल कोणते शब्द जोडतं ते कळतं. 'स्पर्धा' हा रकाना मात्र सोडून द्या. ती जाहिरातदारांमधली स्पर्धा आहे, लेखांमधली नाही. 'स्पर्धा कमी' बघून विषय निवडणं ही या टूलबाबतची सगळ्यात जास्त होणारी गफलत आहे.

तुमच्या यादीतला 'पिठ्या ढेकूण' हा कृषी विभागाच्या पत्रकातला शब्द आहे. ज्याच्या जास्वंदावर तो पडलाय त्याला हे नाव माहीत असेलच असं नाही. तो 'जास्वंदावर पांढरी कीड' किंवा 'झाडावर कापसासारखं पांढरं' असं लिहितो. हे शब्द शोधायला गूगलचा शोधचौकोनच वापरा. ब्राउझरची खाजगी खिडकी उघडा म्हणजे तुमचे जुने शोध मधे येणार नाहीत. 'जास्वंदाच्या झाडावर' लिहून एक जागा सोडा आणि खाली येणाऱ्या सूचना जशाच्या तशा उतरवा, शुद्धलेखन न सुधारता. मग जागेनंतर क, ख, प, फ, उ अशी एकेक अक्षरं टाकून बघा. नंतर प्रश्न पुढे घ्या: 'जास्वंदाला फुले का', 'जास्वंदाला कोणते खत', 'जास्वंद कधी'. यूट्यूबच्या चौकोनात हेच परत करा, तिथल्या सूचना वेगळ्या येतात. एका झाडामागे अर्धा तास दिलात तर लिहिण्याजोगे प्रश्न नक्की हाती लागतील.

पैसे भरून टूल घ्यायची गरज आत्ता नाही. अहरेफ्स, सेमरश यांची खरी ताकद इंग्रजीसारख्या, भरपूर डेटा असलेल्या भाषांत आहे. अहरेफ्सचा अवघडपणाचा आकडा शोधनिकालातल्या पहिल्या दहा पानांना किती संकेतस्थळांनी दुवे दिलेत त्यावरून काढलेला असतो. मराठी लेखांना मुळात दुवेच कमी असतात, त्यामुळे तिथे जवळपास सगळंच सोपं दिसतं आणि निवड करायला तो आकडा उपयोगी पडत नाही. अहरेफ्स वेबमास्टर टूल्स स्वतःच्या साइटसाठी फुकट आहे, ते जोडून ठेवा.

ऋतुमान

शोधपाटींनी शब्दांचं सांगितलं, मी वेळेबद्दल लिहितो. बागकामात तोच निम्मा निर्णय असतो.

शोधांचा काळानुसार चढउतार दाखवणाऱ्या गूगल ट्रेंड्समध्ये झाडाचं नाव टाकलं की बऱ्याचदा दोन पर्याय येतात, 'शोध शब्द' आणि 'विषय'. हंगाम बघायचा असेल तेव्हा 'विषय' निवडा, कारण त्यात वेगवेगळ्या लिपी, भाषा आणि लेखन एकत्र धरलेलं असतं. लोक कोणतं लेखन वापरतात हे बघायचं असेल तेव्हा 'शोध शब्द'. 'कढीपत्ता' आणि 'कडीपत्ता' शेजारी ठेवून तुलना होते. एका वेळी पाच शब्द चालतात. ठिकाण महाराष्ट्र, काळ पाच वर्षं आणि वर्ग 'घर आणि बाग'. वर्ग न निवडल्यास 'मोगरा' मध्ये अत्तर, तांदूळ आणि गाणी सगळंच येतं. ठिकाण संपूर्ण भारत ठेवलं तर देवनागरीत लिहिणारे हिंदी वाचकही मोजले जातात. 'खत' सारख्या शब्दाला हिंदीत अर्थच निराळा, त्यामुळे तो आलेख तुमच्या कामाचा राहत नाही.

ट्रेंड्सचा १०० म्हणजे निवडलेल्या काळातला सर्वात वरचा बिंदू, शोधांची संख्या नव्हे. म्हणून दोन वेगवेगळ्या आलेखांतले आकडे एकमेकांशी ताडू नका. 'पुरेसा डेटा नाही' असं आलं तर शब्द लहान करा: 'मोगऱ्याची छाटणी' ऐवजी 'मोगरा'.

आता वेळापत्रक. नवीन लेख शोधात स्थिरावायला वेळ लागतो, म्हणून मागणी वाढायच्या सहा ते आठ आठवडे आधी तो प्रसिद्ध व्हावा. मोगऱ्याची छाटणी आपल्याकडे जानेवारीअखेर ते फेब्रुवारीत होते, तर लेख डिसेंबरच्या सुरुवातीला. गुलाबाची मोठी छाटणी ऑक्टोबरात, तर लेख ऑगस्टअखेर. गुलाबावरची भुरी थंडीत वाढते, पिठ्या ढेकूण कोरड्या उन्हाळ्यात, हेही वर्षाच्या तक्त्यात आधीच मांडून ठेवा.

जास्वंद आणि दूर्वा यांच्याबाबत एक सावधगिरी. गणेश चतुर्थी २०२४ ला ७ सप्टेंबरला होती, २०२५ ला २७ ऑगस्टला, आणि २०२६ ला अधिक महिन्यामुळे १४ सप्टेंबरला आहे. 'गेल्या ऑगस्टपेक्षा या ऑगस्टमध्ये शोध घटले' असा निष्कर्ष काढण्याआधी पंचांग बघा. सणाशी जोडलेल्या प्रत्येक शब्दाला हे लागू आहे, आणि प्लॅनरची १२ महिन्यांची सरासरी तर हा चढउतार पूर्ण झाकून टाकते.

रकाने_आणि_ओळी

ब्लॉग आधीपासून चालू आहे, म्हणजे सगळ्यात मोलाची यादी तुमच्याकडेच पडून आहे: गूगलचं सर्च कन्सोल. तिथले शब्द अंदाजाचे नाहीत. तुमचं पान ज्या शोधांत दिसलं ते हे शब्द आहेत. १६ महिन्यांपर्यंतचा डेटा मिळतो, म्हणजे पूर्ण एक वर्ष आणि वर थोडा.

'परफॉर्मन्स' मध्ये क्वेरी या फिल्टरवर जा, 'कस्टम (रेजेक्स)', म्हणजे दिलेल्या नमुन्याशी जुळणारे शोध वेचायची सोय, निवडा आणि हे टाका:

कसा|कशी|कसे|कसं|किती|कधी|कोणत|उपाय|कारण

बहुतेक प्रश्न वेगळे निघतात. 'कोणत' मुद्दाम अर्धं ठेवलंय, त्यात कोणता, कोणती, कोणत्या सगळे येतात. 'कस' मात्र अर्धं ठेवू नका, कसुरी मेथी येते. 'का' तसंच टाकलं तर काकडी, कारलं आणि कांदा सगळे येऊन बसतील. शब्दाची हद्द दाखवणारी रेजेक्समधली नेहमीची खूण इथे देवनागरीवर चालत नाही, म्हणून असं लिहा:

(^| )का( |$)

रोमन लिपीतले शोध बघायचे तर [अ-ह] टाका आणि 'जुळत नाही' हा पर्याय घ्या. त्यातून मराठीत विचारलेले पण रोमनमध्ये लिहिलेले प्रश्न हाताने वेचावे लागतात, कारण इंग्रजी शोधही त्यातच येतात.

मग सरासरी स्थान ८ ते २० आणि इंप्रेशन (पान निकालात दिसल्याची संख्या) त्यातल्या त्यात जास्त असलेल्या ओळी निवडा. प्रत्येक ओळीसाठी बघायचं: हा प्रश्न ज्या लेखावर आला त्यात त्याचं उत्तर आहे का? मोगऱ्याच्या लागवडीच्या लेखावर 'मोगऱ्याला कळ्या येऊन गळतात' असा शोध येत असेल आणि लेखात कळीगळीवर अवाक्षर नसेल, तर तुमचा पुढचा लेख ठरला.

पडद्यावर १,००० ओळींपर्यंतच दिसतं; ब्लॉग मोठा असेल तर गूगलच्या लूकर स्टुडिओ या अहवालाच्या टूलला जोडून जास्त ओळी काढा. अगदी विरळ शोध गोपनीयतेसाठी लपवले जातात, म्हणून ओळींची बेरीज एकूण क्लिकशी जुळत नाही. तुमचं काही चुकलेलं नसतं.

आता शीटमध्ये हमखास अडकवणारी गोष्ट. 'मोगऱ्याला' हा शब्द संगणकात दोन तऱ्हांनी साठवला जातो. एकात नुक्ता असलेला ऱ असतो, दुसऱ्यात साधा र आणि अदृश्य जोडचिन्ह. 'ॲ' चंही तसंच. डोळ्याला दोन्ही सारखे, पण गूगल शीट्स त्यांना दोन शब्द धरतं आणि बेरजा फुटतात. उपाय: शेजारी मदतीचा रकाना घ्या, सब्स्टिट्यूट या सूत्राने ऱ च्या जागी र करा आणि क्रमांक ८२०५ चं चिन्ह, म्हणजे तेच अदृश्य जोडचिन्ह, काढून टाका. त्या रकान्यात अक्षरं विचित्र दिसतील, दिसू द्या. तो फक्त जुळवणीसाठी आहे. आणि उतरवलेली फाइल एक्सेलमध्ये थेट न उघडता शीट्समध्ये आयात करा, म्हणजे देवनागरीच्या जागी कचरा दिसणार नाही.

गच्चीवरची_माती

रेजेक्स लगेच चालवून पाहिलं. 'का' च्या फिल्टरमध्ये 'कढीपत्त्याची पाने पिवळी का पडतात', 'कढीपत्ता वाढत का नाही', 'कढीपत्त्याची पाने काळी का होतात' असे बरेच निघाले. प्रत्येकाचा वेगळा लेख करायचा की एकच? आणि 'कुंडीतील माती' या शोधावर माझे दोन जुने लेख आलटून पालटून दिसतात, दोन्ही दुसऱ्या पानावर. त्यांचं काय करू?

शोधपाटी

एक की अनेक, हे शोधाच्या निकालांवरून ठरवा. खाजगी खिडकीत दोन्ही प्रश्न शोधा आणि पहिली दहा पानं शेजारी ठेवा. चार-पाच पानं दोन्हीकडे तीच असतील तर गूगलच्या लेखी प्रश्न एकच आहे. एक लेख, त्यात दोन उपशीर्षकं. एखाद-दुसरंच पान सामाईक असेल तर लेख वेगळे. पाने पिवळी पडण्यामागे जास्त पाणी, निचरा नसणं, लोह किंवा नत्राची कमतरता असं बरंच काही असतं. 'काळी होतात' हे बहुधा मावा किंवा खवले किडीच्या चिकट स्रावावर वाढणाऱ्या काजळीबद्दल असतं. कारण वेगळं, उपाय वेगळा, त्यामुळे तिथे स्वतंत्र लेखाला जागा आहे. पण निकाल बघूनच ठरवा.

त्याच वेळी आणखी दोन गोष्टी बघा. पहिला पडदा पूर्ण व्हिडिओंनी भरलाय का? छाटणी, कलम बांधणं यात तसं होतं, आणि तिथे लिहिलेल्या लेखाला वर यायला जड जातं. प्रमाणं, तक्ते, वेळापत्रकं यांत लेख सरस ठरतो: १२ इंची कुंडीत माती, कोकोपीट, गांडूळखत किती, निंबोळी पेंड किती दिवसांनी. दुसरं, वर आलेल्या पानांत यंत्राने भाषांतर केलेली पानं किती? 'पॉटिंग मिक्स' चं काहीतरी अगम्य मराठी करून ठेवलेली पानं वर असतील तर तिथे जाणकार माणसाच्या लेखाची खरी उणीव आहे. असे विषय यादीत सगळ्यात वर घ्या, प्लॅनर रेघ दाखवत असला तरी.

दोन जुन्या लेखांचं: सर्च कन्सोलमध्ये ती क्वेरी निवडून 'पेजेस' चा भाग उघडा. ज्या लेखाला क्लिक जास्त तो ठेवा, दुसऱ्यातला उपयोगी मजकूर त्यात आणा. दुसरा लेख नुसता पुसू नका, त्याचा पत्ता वळवा. ब्लॉगरमध्ये सेटिंग्जमधल्या 'एरर्स अँड रिडायरेक्ट्स' मध्ये 'कस्टम रिडायरेक्ट्स' आहे. जुना आणि नवा पत्ता ब्लॉगच्या नावानंतरचाच भाग घालून, तिरप्या रेघेपासून लिहायचा, आणि 'परमनंट' चालू करायचं. आधी दुसरा लेख मसुद्यात टाका, मग वळवणी तपासा.

नवीन लेखांना पत्ता हाताने द्या. शीर्षक पूर्ण देवनागरीत असेल तर ब्लॉगर ती अक्षरं गाळतो आणि 'ब्लॉग-पोस्ट' व एखादा आकडा असा पत्ता तयार करतो. प्रसिद्ध करण्याआधी उजवीकडच्या 'पर्मालिंक' मध्ये झाडाचं नाव आणि प्रश्न रोमन लिपीत, मधे आडव्या रेघा देऊन लिहा. जुन्या लेखांचे पत्ते मात्र आता बदलत बसू नका.