मदत हवी: केबल इंटरनेटच्या रिटर्न पाथचा (घरांकडून आमच्याकडे येणाऱ्या सिग्नलच्या वाटेचा) नॉईज, संध्याकाळी सगळे मोडेम पडतात

केबल_गिरगाव: सातनंतर अपस्ट्रीम (म्हणजे रिटर्नचा) एसएनआर, नॉईजच्या तुलनेत सिग्नल, १८-१९ डीबीवर येतो, मोडेम ऑफलाईन. दुपारी सगळं ठीक. नोडचं (फायबर संपून घरांची तांब्याची केबल सुरू होते तो डबा) रिटर्न मॉड्यूलसुद्धा बदललं. गिऱ्हाईकं फोनवर शिव्या घालतायत. लवकर सांगा.

नोडवाला: एकाच नोडला की सगळीकडे? कॅरिअर (मोडेम ज्या फ्रिक्वेन्सीवर बोलतात) कितीवर? अॅनालायझरवर काड्या (सुट्या उभ्या रेषा) दिसतात की अख्खा फ्लोअर (नॉईजची तळपातळी) वर येतो?

दादरचा_बंड्या: सेट टॉप बॉक्स बंद करून चालू करा. माझा असाच अडकायचा.

नोडवाला: अहो, चॅनेलचं कोण विचारतंय इथे?

केबल_गिरगाव: एकच नोड, सगळ्या चाळी. ६४ क्वाम मॉड्युलेशन, कॅरिअर १५ मेगाहर्ट्झवर. खालच्या फ्रिक्वेन्सीची बाजू उसळ्या मारते.

ठाणेकर: १५ वर?? सातला पाणी येत असणार तुमच्याकडे. पंप, मिक्सर, लिफ्ट, सगळ्यांचा कचरा तिथेच खाली पडतो. ३० च्या वर न्या, १६ क्वाम करा, वेग कमी पण नॉईज जास्त सोसतं. काम तमाम.

नोडवाला: तमाम कसलं? कचरा शिरतो कुठून ते शोधायला नको? रिटर्नमध्ये सगळ्या घरांचा नॉईज नोडवर गोळा होतो, एक ढिला कनेक्टर सगळ्यांना बुडवतो. सातला नोडपाशी उभे राहा, एकेका लेगचा (नोडमधून निघणाऱ्या फांदीचा) रिटर्न पॅड (सिग्नल कमी करणारा काढता येणारा तुकडा) उपसा. फ्लोअर पडला की तो लेग धरा. मग टॅपमागून टॅप (घरांना जोडण्या देणारे डबे) तपासा.

ठाणेकर: सातला पॅड काढा म्हणे! मार कोण खाणार?

नोडवाला: दोन-तीन सेकंदांत मोडेम पडत नाही.

फायबरच_बेस्ट: अजून कोअॅक्स (तांब्याची केबल)? फायबर टाका ना.

ठाणेकर: चाळीच्या कमिटीची परवानगी तू आण.

केबल_गिरगाव: लेग सापडला, गच्चीवरच्या अँप्लिफायरचा. टॅपचे पोर्ट उघडे आहेत. पण पुढे बरीच घरं नुसत्या टीव्हीची, मोडेमच नाही. त्यांचं काय?

नोडवाला: उघड्या पोर्टांना ७५ ओहमचे टर्मिनेटर (टोपणं). टीव्हीवाल्यांना हाय पास फिल्टर, ६५ मेगाहर्ट्झच्या खालचं अडवणारा. बॉक्स एकतर्फी असेल तर त्याला फरक पडत नाही. गच्चीवरचे कनेक्टरही उघडा, चौपाटीच्या हवेने हिरवे झाले असतील. गंजलेला सांधा डायोडसारखा वागतो, डाऊनस्ट्रीमची (घरांकडे जाणाऱ्या सिग्नलची) भेसळ रिटर्नमध्ये ढकलतो. २०१२ ला मुंबईत अॅनालॉग गेलं तेव्हापासून त्या भेसळीच्या ठरावीक अंतरावरच्या काड्या दिसत नाहीत, नुसता फ्लोअर चढतो. पण गंजलेला सांधा बिचारा सातची वाट बघत नाही, म्हणून आधी उघडे पोर्ट.

ठाणेकर: आणि कॅरिअर हलव बाबा, ऐक माझं.

केबल_गिरगाव: हलवतो. फिल्टर लॅमिंग्टन रोडला मिळतील?

नोडवाला: विचारून बघा. एकच आणा, मीटरवर तपासा, मग बाकीचे घ्या.