उलटलेली सर्दी : जिवाणूसंसर्ग झाला आहे हे तपासणीतून कसे ठरवतात? (मदत हवी आहे)

नमस्कार.

माझ्या पत्नीच्या सर्दीचा आज आठवा दिवस आहे. तिसऱ्या दिवशी नाकातला स्राव हिरवट-पिवळा झाला, तेव्हा मी घाबरून आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे प्रतिजैविक मागितले होते. नुसत्या रंगावरून जिवाणूसंसर्ग ठरत नाही, असे सांगून त्यांनी ते दिले नाही आणि पाचव्या दिवसापर्यंत त्यांचेच खरे ठरले : ताप उतरला, नाक मोकळे झाले, ती रात्रभर शांत झोपली. सहाव्या दिवशी संध्याकाळी मात्र दुखणे उलटले. ताप पुन्हा १०१ अंश फॅरनहाइटवर गेला, स्राव दाट झाला आणि उजवा गाल ठणकू लागला. बुटाची नाडी बांधायला वाकले की गालात काहीतरी जड पुढे सरकते आणि त्याच बाजूच्या वरच्या दाढा एकदम दुखतात, असे ती सांगते. दाढांना कीड नाही.

नेहमीचे डॉक्टर नसल्यामुळे काल दुसरीकडे दाखवले. तेथे गालावर अंगठा दाबून पाहिला, नाकात पाहिले नाही आणि सायनसचा (नाकाभोवतीच्या हाडांतल्या पोकळ्यांचा) एक्स-रे काढून आणायला सांगितले. एक्स-रेमधून विषाणूची सर्दी आणि जिवाणूसंसर्ग यांतला फरक खरोखर कळतो का? कळत नसेल, तर डॉक्टर कशाच्या आधारे निर्णय घेतात? जाणकारांनी कृपया सांगावे.

प्रतिसाद

नमस्कार. मी कान-नाक-घसा विभागात काम करते.

तुम्ही दिवसांचा हिशेब ठेवलात, हे फार चांगले केले, कारण या आजाराचे निदान बरेचसे त्या हिशेबावरच होते. इन्फेक्शियस डिसीझेस सोसायटी ऑफ अमेरिका या संस्थेने २०१२ साली दिलेल्या निकषांनुसार तीन प्रकारच्या वाटचालींत जिवाणूसंसर्गाचा संशय घ्यावा : १० दिवस उलटूनही लक्षणे जराही न ओसरणे; सुरुवातीपासूनच ३९ अंश सेल्सिअस किंवा त्याहून जास्त ताप आणि जोडीला पुवासारखा स्राव किंवा चेहऱ्याचे दुखणे सलग ३-४ दिवस टिकणे; आणि ५-६ दिवसांनी उतरणीला लागलेली सर्दी पुन्हा उलटणे. तुमच्या पत्नीचे दुखणे या तिसऱ्या प्रकारात बसते. एरवी मोठ्या माणसांच्या १०० सर्दींपैकी जेमतेम २ सर्दींमध्ये असा संसर्ग होतो, म्हणून तिसऱ्या दिवशी प्रतिजैविक न देणे योग्यच होते. हिरवा रंग आपल्याच पांढऱ्या पेशींमधल्या द्रव्यामुळे येतो आणि तो साध्या सर्दीतही दिसतो.

एक्स-रेचा येथे उपयोग नाही. साध्या सर्दीतही सायनसचे अस्तर सुजते आणि आत स्राव साठतो, त्यामुळे दोन्हींचे चित्र सारखेच दिसते. गाल दाबल्यावर दुखणे हाही कच्चा पुरावा आहे. त्यापेक्षा नाकात पाहणे मोलाचे : सूज उतरवणारे थेंब घालून, चांगल्या उजेडात, नाकाच्या बाजूच्या भिंतीवरील मधल्या उंचवट्याखालून पुवाची रेघ ओघळताना दिसली, तर संशय बराच बळावतो. वरच्या दाढांची मुळे गालातल्या सायनसच्या तळाला अगदी लागून असतात, म्हणून एका बाजूच्या दाढा एकत्र दुखणे हीदेखील महत्त्वाची खूण आहे. मात्र ठोकून पाहिल्यावर एकच दाढ कळवळून दुखत असेल, तर दंतवैद्याला दाखवा. कधीकधी मूळ तिथेच असते. सायनसमध्ये सुई घालून काढलेल्या स्रावात जिवाणू वाढवून पाहणे हा सर्वांत पक्का पुरावा, पण एवढ्यासाठी ते कोणी करत नाही.

डोळ्याभोवती सूज, एकाचे दोन दिसणे, असह्य डोकेदुखी, मान ताठरणे किंवा गुंगी यांपैकी काहीही दिसले, तर वाट न पाहता त्याच घटकेला रुग्णालय गाठा.

धागाकर्ता

मनापासून आभार. यांतले एकही धोक्याचे लक्षण नाही. आज कान-नाक-घसा तज्ज्ञांनी नाकात पाहिले; उजव्या बाजूला तशीच पुवाची रेघ होती. एक्स-रे न काढताच प्रतिजैविक सुरू केले असून तीन दिवसांत उतार न पडल्यास पुन्हा बोलावले आहे.