आठव्या एडवर्डची कपबशी: नकली की खरी?

शहापूरकर:
बेळगावच्या घरच्या वाटणीत एक कपबशी आलीय. कपावर इंग्लंडचा राजा आठवा एडवर्ड, दोन झेंडे, खाली इंग्रजीत राज्याभिषेकाची तारीख 12 मे 1937. पण हा तर डिसेंबर 1936 मध्येच गादीवरून उतरला! मग माल नकली का? बशीला बारीक भेगांची तपकिरी जाळी पडलीय. रोजच्या चहाला काढली तर चालेल?

कॅम्पातला_भंगारप्रेमी:
नकली म्हणायची घाई नको. तारीख आधी जाहीर होते, कारखाने वर्षभर आधी छापायला घेतात. तो उतरला तेव्हा कप दुकानांत पोचलेले होते. राज्याभिषेक त्याच तारखेला झाला, फक्त धाकट्या भावाचा, सहाव्या जॉर्जचा. म्हणून तारीख सोडा, नाव वाचा. 'न झालेला राज्याभिषेक, म्हणून दुर्मिळ' असं सांगून भाव चढवतात. ढिगाने निघालेला माल आहे तो.
बशी उजेडात तिरपी धरा. चित्राची कड नखाला लागली तर छाप झिलईच्या, म्हणजे वरच्या चकचकीत थराच्या, वर आहे, घासणीने उडणार. मग बोटाने टिचकी मारा: खणखणली तर ठीक, बद्द वाजली तर कुठेतरी चीर असू शकते.

निपाणीची_ताई:
चहाला नको हो दादा. झिलईवरच्या जुन्या रंगात शिसं असू शकतं, आणि आमसुलाचं सार, ताक असल्या आंबटात ते सुटतं. जाळीतला डाग म्हणजे आत मुरलेला चहा. बशी आधी तासभर साध्या पाण्यात ठेवा, मग मेडिकलमधलं 3 टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड कापसावर घेऊन डागावर ठेवा, वरून प्लास्टिक, एक दिवस. सोनेरी कडेला लावू नका. कपडे पांढरे करायचं ब्लीच तर मुळीच नको, झिलई खातं ते. तुटून चिकटवलेला जुना सांधा असेल तर गरम पाण्यात सुटतो.

खानापूरकर:
अशी बशी घरात होती म्हणून घर राजनिष्ठ होतं असं धरू नका. 1924 चं काँग्रेस अधिवेशन गांधीजींच्या अध्यक्षतेखाली बेळगावातच झालं, 1937 च्या जुलैत मुंबई प्रांतात खेरांचं काँग्रेस मंत्रिमंडळ आलं, आणि बेळगाव त्याच प्रांतात. चांगली चिनीमाती म्हणूनही लोक घेत. राजा फुकटात यायचा. आता तीच बशी शोकेसमध्ये शिवरायांच्या मूर्तीशेजारी बसते.
तिरंगा छापलेल्या जुन्या थाळ्यांच्या काळाबाबत मात्र फसू नका. मधे अशोकचक्र असेल तर थाळी 22 जुलै 1947 नंतरचीच. चरखा असेल तर आधीची, असं मात्र नाही; काँग्रेसने पक्षाच्या झेंड्यावर तो पुढेही ठेवला होता.